आधी खड्डा, मग रोप



चैत्र लागला. पळस फुलून गेला, ऐनाला नवी पालवी आली, करवंदं हिरवी आहेत. आपल्या वाड्यांमधली निम्मी घरं अजून बंद आहेत. माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर आहेत. येतील ती मृगाच्या तोंडावर. हा अंक ज्यांच्या हातात पडेल त्यांनी बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा. भट्टीवर कुणी भेटायला जाणार असेल तर एक प्रत तिकडंही न्यावी. कारण विषय याच महिन्याचा आहे. जूनमध्ये वाचून उपयोग नाही.

विषय साधा वाटेल. झाड लावायच्या आधी जमीन कशी तयार करायची. तुम्ही म्हणाल, जमिनीच्या हक्कासाठी भांडणाऱ्या संघटनेनं हे कधीपासून शिकवायला घेतलं? आपले आजे-पणजे माळावर नाचणी-वरी काढत आले, त्यांना माती काय ते कळत होतं. खरं आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या प्लॉटात जी झाडं लागली आणि मेली, त्यांचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. येत्या पावसाळ्यात फुकटच्या रोपांचा टेम्पो वाडीत आला तर आपण विचारायचं, खड्ड्याची मजुरी कुठं आहे? खड्ड्याची मजुरी नसेल तर रोप नको.

माझ्या प्लॉटात काय झालं

2016 साली राज्य सरकारनं एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचं ठरवलं. पुढच्या वर्षी आकडा झाला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी. हे आकडे रोपांचे. खड्डा किती खोल, कधी खणला, कुणी खणला, आणि दोन वर्षांनी त्यात काय उभं आहे, याचा आकडा कुणी वाडीत येऊन मोठ्यानं सांगितला नाही.

त्याच वर्षांत एका योजनेतून माझ्याकडं 30 रोपं आली. भर पावसात आली. आणणारे घाईत होते. बरोबरच्या दोन पोरांनी टिकावाचे चार-चार घाव घातले, वीतभर भोक पाडलं, रोप उभं केलं, पायानं माती दाबली, फोटो काढला आणि पुढच्या प्लॉटावर गेले. मीही काही बोललो नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर तोंड उघडत नाही आपलं.

गणपतीपर्यंत रोपं हिरवी होती. दिवाळीला पानं लोंबली. शिमग्याला मी भट्टीवरून दोन दिवस घरी आलो तेव्हा 30 पैकी 27 वाळून काटकी झाली होती. एक उपटून पाहिलं. हिसका द्यावा लागला नाही, दोन बोटांनी आलं. काळी पिशवी तशीच मुळांवर. मुळं आतल्या आत गोल फिरून पिशवीच्या आकाराची झालेली. त्या झाडानं आमची माती कधी पाहिलीच नव्हती.

आणि माझ्या खोपटाच्या मागं आज्यानं लावलेला फणस आहे. दोन माणसांच्या कवेत मावत नाही. माझी आय सांगायची, आज्यानं त्याचा खड्डा वैशाखात खणला होता, जिथं आदल्या वर्षी राब भाजला होता तिथं. महिनाभर उघडा ठेवला. बघणारे हसायचे, म्हणायचे, "बुवा, कुणाला पुरतोस?" आज्या म्हणायचा, "पुरत न्हाय, घर बांधतोय." त्या खड्ड्यावर किती मेहनत गेली ते फणसाकडं बघून कळतं.

वीतभर आणि दोन फूट

हिशेब करून बघा. वीत म्हणजे पाऊण फूट. पाऊण फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात मोकळी माती बसते अर्ध्या घनफुटालाही कमी. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात बसते आठ घनफूट. म्हणजे दोन फुटी एका खड्ड्यात वीतभराचे जवळजवळ 19 खड्डे मावतात. रोप तेच, पाऊस तोच, पण एकाला मूळ पसरायला 19 पट जागा.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचीही शिफारस अशीच आहे. काजूला साधारण 60 सेंटिमीटरचा, म्हणजे दोन फुटी खड्डा. आंब्याला एक मीटरचा, म्हणजे सव्वातीन फुटी. हे बागायतदाराला माहीत आहे, तो तसाच खणून घेतो. खणायला आपल्यालाच मजुरीवर बोलावतो. त्याच्या बागेत आपण सव्वातीन फूट खणतो आणि स्वतःच्या प्लॉटात वीतभर भोकावर समाधान मानतो. यात जमिनीचा दोष किती आणि आपला किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

खड्डा आपल्या मातीत कसा करायचा

पोलादपूर-महाडची जमीन एकसारखी नाही. नदीकाठी गाळ आहे, भातखाचरात चिकण आहे. पण आपल्या वाट्याला आली ती बहुतेक वरकस, डोंगर-उताराची. वर वीत-दीड वीत माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. अशा जमिनीत काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, वेळ. खड्डा चैत्र-वैशाखात खणायचा आणि निदान तीन-चार आठवडे उन्हात उघडा ठेवायचा. आपण दाढीच्या जागेवर राब भाजतो तो कशासाठी? तणाचं बी मरावं, कीड मरावी, माती भुसभुशीत व्हावी म्हणून. खड्ड्याला तेच काम ऊन करतं. हुमणीच्या अळ्या, वाळवी उघडी पडते, पाखरं टिपतात. भर पावसात खणलेल्या खड्ड्याची भिंत फावड्यानं सारवल्यासारखी गुळगुळीत होते. मूळ तिथं आपटून मागं फिरतं.

दुसरं, माती वेगळी ठेवणं. वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. दोन्ही मिसळायचे नाहीत. भरताना वरची मातीच आत जाते. मुरुमाचा उपयोग उताराच्या खालच्या अंगाला अर्धगोल बांध घालायला.

तिसरं, तळ आणि भिंती. तळाला पहार मारून मुरूम फोडायचा. भिंतींना पहारीनं चार-सहा ठिकाणी खाचा पाडायच्या. नाहीतर खड्डा म्हणजे मोठी कुंडी होते आणि मूळ त्यातच फिरत बसतं. पिशवी काढली आणि दगडाच्या पिशवीत घातलं, असं होतं ते.

चौथं, पाण्याची परीक्षा. खणून झाल्यावर तळाशी हंडाभर पाणी ओता. पाण्याची ओढ असते हे मला माहीत आहे, पण दहा खड्ड्यांत एका ठिकाणी तरी करा. सकाळी पाणी तसंच साचलेलं दिसलं तर तिथं खाली सलग कातळ आहे. आपल्याकडं वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो खड्डा पावसाळाभर डबकं होणार आणि मुळं कुजणार. झाड उन्हाळ्यात वाळलं की आपण म्हणतो पाणी कमी पडलं. कित्येकदा ते श्रावणातच बुडून मेलेलं असतं. असा खड्डा सोडायचा, दहा पावलं सरकायचं.

पाचवं, भरणं. तळाशी सुका पाला, त्यावर वरची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. दोन फुटी खड्ड्याला घमेलं-दोन घमेली पुरतं. मिळालं तर किलोभर सुपर फॉस्फेट. गुरं नसतील तर शेळीच्या लेंड्या कुजवून घाला, ऐन-किंजळीच्या खालचा कुजलेला पाला घाला. ताजं शेण घालू नका. ते खड्ड्यात तापतं, हुमणीला बोलावतं. खत जास्त झालं म्हणजे झाड जास्त वाढतं असंही नाही. सगळं गोड खड्ड्यातच मिळालं तर मूळ बाहेर कशाला जाईल? त्याला शेवटी आपल्या मुरुमातच जगायचं आहे.

सहावं, उंची. मृगाच्या आधी खड्डा भरून ठेवायचा आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच भरायचा. पहिल्या सरींनी माती बसते. सपाट भरलेला खड्डा पंधरा दिवसांत खळगा होतो. वरच्या अंगाला छोटी चर काढून उतारावरचं लोटाचं पाणी बाजूला वळवा.

मग रोप. पाऊस लागून माती ओल धरली की लावा. पिशवी फाडून काढा, फेकू नका, गोळा करा. मुळं गोल फिरलेली दिसली तर हातानं मोकळी करा. कलम असेल तर जोड मातीच्या वर राहू द्या. बुंध्याशी पेंढा किंवा पाला अंथरा, पण खोडाला चिकटवू नका. पावसाळा संपला की शेजारी एक मडकं पुरा, तळाला बारीक भोक पाडून त्यात वात घाला. आठवड्याला दोनदा भरलं तरी पहिला उन्हाळा निघतो. हे पाणी घरातल्या बायका डोक्यावरून आणतात. म्हणून दहा झाडं नीट जगवा, पन्नास लावून मारू नका.

सगळीकडं खणू नका

हे लिहिताना एक गोष्ट सोडून पुढं जाता येत नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला. आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. कुणाचं कोण गेलं ते इथं लिहायची गरज नाही. सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर जो तो म्हणतो झाडं लावा, दरडी थांबतील. झाडाचं मूळ वरची माती धरून ठेवतं, ते खरं. पण तीव्र उतारावर ओळीनं चर आणि खड्डे पाडले आणि ते पावसाच्या पाण्यानं भरले, तर ते सगळं पाणी डोंगराच्या पोटात जातं. दुष्काळी भागातली पाणी अडवायची रीत तिकडं बरोबर असेल. आमच्या डोंगरावर जुलैत पाणी अडवायचं नसतं, त्याला वाट काढून द्यायची असते. म्हणून माझं म्हणणं असं. जिथं उतार इतका आहे की घमेलं ठेवलं तर घरंगळतं, जिथं जमिनीला भेग पडली आहे, जिथं पावसात नवीन झरा फुटला होता, तिथं टिकाव लावू नका. कुणाची कसलीही योजना असली तरी नाही म्हणा. तिथं आहे ते गवत, आहे ती करवंदाची जाळी, कारवी राखा. भेग दिसली तर ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

मग आपण हे का करत नाही?

आता मूळ दुखण्याकडं येतो. वर जे सांगितलं ते आपल्याला येत नाही असं नाही. खड्डा चैत्रात खणायचा असतो आणि चैत्रात आपण घरी नसतो.

गणपती-दसऱ्याच्या सुमारास मुकादम वाडीत येतो, उचल देतो. तेव्हा घरात धान्य संपलेलं असतं, पोरं आजारी असतात, आपण अंगठा देतो. दिवाळी झाली की गाडीत बसतो. मग सहा-सात महिने दुसऱ्यासाठी माती तुडवतो, विटा पाडतो, नाहीतर लाकूड रचून कोळसा पाडतो. स्वतःच्या जमिनीची माती करायचे जे दोन महिने, ते आपण उचलीपोटी आधीच विकलेले असतात. मृगाला परत येतो तेव्हा पेरणी डोक्यावर. खड्डा कोण खणणार? मग टेम्पो येतो आणि वीतभर भोकात रोप बसतं. हे दरवर्षीचं आहे.

म्हणून मी म्हणतो, खड्ड्याच्या मजुरीची मागणी आपल्या जमिनीच्या लढ्याचीच मागणी आहे. प्लॉटाचा कागद हातात आला आणि माणूस भट्टीवरच राहिला, तर त्या कागदाचं करायचं काय?

यासाठी नवा कायदा नको. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा 1977 साली केला. 1990 पासून रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड आली. कोकणात काजू-आंब्याच्या बागा त्यातून उभ्या राहिल्या, पण ज्यांच्याकडं सातबारा होता त्यांच्या. मग केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. त्याच्या पहिल्या अनुसूचीतच लिहिलं होतं की अनुसूचित जमातीच्या कुटुंबांच्या आणि वनहक्क मिळालेल्यांच्या जमिनीवर ही कामं घेता येतात. म्हणजे आपल्याच प्लॉटात आपणच खड्डे खणायचे आणि मजुरी सरकारनं द्यायची. अट एवढीच, जॉबकार्ड हवं आणि त्या घरच्यांनी स्वतः काम करायला हवं. त्याला आपली कधी ना आहे?

पण काम मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायची वेळ चुकली तरी मिळत नाही. पुढच्या वर्षीची कामं कोणती हे 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत ठरतं. त्या दिवसांत आपण वाडीत असतो, पण ग्रामसभेला जात नाही. तिथं आपल्या प्लॉटांची नावं, झाडं आणि खड्ड्यांची संख्या आराखड्यात लिहून घ्या. ठराव वाचून दाखवायला लावा. मग नमुना 4 भरून काम मागा आणि तारीख घातलेली पोच घ्या. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं समजा. मागणीपासून 15 दिवसांत काम मिळायला हवं, नाहीतर बेकारी भत्ता. आणि हे सगळं मुकादमाच्या उचलीच्या आधी व्हायला हवं. काम नक्की आहे असं दिसलं तरच माणूस उचल नाकारतो. नुसत्या भाषणानं नाकारत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

खड्डा म्हणजे पुरावा नव्हे

काही साथी विचारतात, प्लॉटात खड्डे पाडले तर कब्जा सिद्ध होईल का? सरळ उत्तर, नाही. वनहक्क कायद्यानं 13 डिसेंबर 2005 ही तारीख धरली आहे. आदिवासी कुटुंबाची वहिवाट त्या तारखेच्या आधीची असायला हवी. आज पाडलेला खड्डा आजचाच असतो. म्हणून ज्या जागेवर आपली वहिवाट नाही तिथं झाडाच्या नावानं नवीन खणू नका. एका माणसाच्या घाईनं सगळ्या वाडीच्या दाव्यांवर बोट येतं.

पण आज्यानं लावलेला फणस, बांधावरचा रायवळ आंबा, जुनी ताल, दगड रचून केलेली सपाटी, यांची गोष्ट वेगळी. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सपाटीकरण, बांध अशा जमिनीवरच्या कायमच्या सुधारणा धरल्या आहेत आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरला आहे. म्हणून प्लॉटातलं प्रत्येक जुनं झाड मोजा, त्याचा घेर लिहा, कुणी लावलं ते म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्या, वनहक्क समितीच्या स्थळपाहणीत पंचनाम्यात घालायला लावा. आपल्या धनगर भावांना तर तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यांच्या वाड्यावरचं जुनं झाड म्हणजे नुसती सावली नव्हे. ते तोडू नका, कुणाला तोडू देऊ नका.

उलटही घडतं. दावा पडून असलेल्या प्लॉटात दुसरंच कुणी येऊन खड्डे पाडतं, साग किंवा आणखी काही लावतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी म्हणतं हे तर रोपवन आहे. अशा वेळी रोपं उपटू नका. उपटलीत की गुन्हा तुमच्यावर आणि मुद्दा बाजूला. सगळ्यांनी मिळून जागेवर जा, समितीचा पंचनामा करा, फोटो काढा, उपविभागीय समितीला अर्ज द्या. दाव्याची पडताळणी आणि निर्णय पुरा होईपर्यंत कुणाला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. ते कलम पाठ करा.

दोन शंका

हा विषय मागच्या बैठकीत काढला तेव्हा दोन शंका आल्या. दोन्ही खऱ्या आहेत.

एक बाई म्हणाल्या, "झाडं लावली की नाचणी कुठं करू? काजू पाच वर्षांनी, पोरं आज खातात." बरोबर. म्हणून सगळा प्लॉट झाडांनी भरू नका. काजू सात-सात मीटरवर लावतात. 10 गुंठ्यांत साधारण 20 झाडं होतात. पहिली तीन-चार वर्षं मधल्या पट्ट्यात नाचणी, वरी, तूर होते. नाहीतर नुसत्या बांधानं आणि कडेनं लावा. फणस, आंबा, जांभूळ, शेवगा, आवळा लावा. काय लावायचं ते टेम्पोवाल्यानं ठरवायचं नाही. घरातल्या बाईनं ठरवावं, कारण पाणी तीच घालणार. वनहक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, हे विसरू नका.

दुसरी शंका एका तरुण साथीची. तो म्हणाला, "झाड मोठं झालं की खातं म्हणेल हे जंगल आहे, जमीन परत द्या." भीती उगाच नाही. इंग्रजांच्या काळापासून आपल्याला दळी दिल्या आणि काढून घेतल्या. खैराचा कात काढणारे म्हणून आपलं नाव कातकरी पडलं, आणि पुढं खैर तोडला म्हणून आपल्यालाच चोर म्हटलं. पण वनहक्क कायद्यानं मिळालेला हक्क वारसानं पुढं जातो. तो विकता येत नाही, झाड वाढलं म्हणून संपतही नाही. मात्र दाव्याचा निकाल लागलेला असायला हवा. म्हणून खड्ड्याच्या मजुरीबरोबरच दुसरी मागणी हीच राहील, पडून असलेले दावे निकाली काढा. दावा लटकलेला ठेवायचा आणि दरवर्षी जुलैत रोपं वाटायची, हा खेळ बंद करा.

या महिन्यात काय करायचं

जे घरी आहेत त्यांनी प्रत्येक घरामागं पाच खड्डे, दोन फुटी, आपल्या वहिवाटीच्या जागेत खणायचे. मजुरी मिळो न मिळो, हे पाच खड्डे आपले स्वतःसाठीचे. म्हाताऱ्यांच्या घरी तरुणांनी हात लावावा. भट्टीवर गेलेल्यांच्या प्लॉटात शेजाऱ्यांनी दोन तरी खणून ठेवावेत.

वाडीत एक वही करा. प्लॉट कुणाचा, खड्डा कधी खणला, काय लावलं, दिवाळीला जगलं का, शिमग्याला जगलं का. सरकारकडं रोपांचा आकडा आहे. आपल्याकडं जगलेल्या झाडांचा आकडा असू द्या. ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वही घेऊन जाऊ आणि म्हणू, हे आम्ही बिनमजुरी केलं. आता पुढच्या चैत्राचं काम आराखड्यात घाला.

माझ्या प्लॉटात मी परवा पहिला खड्डा खणायला घेतला. दीड फुटावर कातळ लागला. दहा पावलं सरकलो, दुसरा घेतला. तिथं दोन फूट गेला. आता तो ऊन खातोय.

बाकीच्यांनी आपापले खणले की पुढच्या बैठकीत सांगा.

आधी खड्ड्याची मजुरी, मग रोप!
दावे निकाली काढा!
कसेल त्याची जमीन, जगवील त्याचं झाड!